आश्रय मिळाला, मग घर का मिळत नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
'सहा वर्षांत भाड्याची चार घरं बदलली. मध्ये आई गेली आणि तिच्यामागे आमचं जुनं घर विकलं गेलं. आईच्या आजारपणात मी रोज बायबलातलं ९१वं स्तोत्र म्हणायचे. तेव्हा देव अगदी उशाशी आहे असं वाटायचं. आई वाचली नाही. त्याला दोन वर्षं झाली. उपासनेला जाते, प्रार्थनेला बसते, पण आत काही हलत नाही. लोक म्हणतात, "देव हेच आपलं खरं घर." मला ते खरं वाटत नाही, आणि वाटत नाही याचीच लाज वाटते. आईच्या सामानाची तीन खोकी अजून बांधलेलीच आहेत. दोन महिन्यांनी हेही घर सोडायचं आहे. घरासाठी माझा जीव तुटतो हा अविश्वास आहे का? आणि देवात "राहायचं" म्हणजे नेमकं करायचं काय?'

प्रिय भगिनी,

सर्वांत टोचणारा प्रश्न आधी घेऊ. घरासाठी जीव तुटणं हा अविश्वास नाही. मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना येशूला पुढे काय होणार हे ठाऊक होतं. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार होता. तरी तो रडला (योहान ११:३५). मरणावर ज्याची सत्ता त्यालाही रडू आलं, मग आईसाठी आणि तिच्या हाताखालच्या घरासाठी तुम्हाला रडू आलं तर त्यात लाज कसली?

आता ते वाक्य, 'देव हेच आपलं घर'. भेटायला येणारे ते फार सहज बोलून जातात, आणि ज्याचं घर नुकतंच गेलंय त्याला ते तोंडावर दार लावल्यासारखं लागतं. पण हे मुळात कोणाच्या तोंडचं आहे ते पाहा. 'हे प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आम्हांला निवासस्थान आहेस,' ही ९०व्या स्तोत्राची पहिली ओळ. १५० स्तोत्रांत मोशेच्या नावावर असलेलं हे एकच. मोशेला तीन महिन्यांचा असताना टोपलीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलं गेलं. तो परक्यांच्या राजवाड्यात वाढला, तिथून जीव घेऊन मिद्यानात पळाला. तिथे मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव गेर्षोम ठेवलं, कारण 'मी परदेशात उपरा झालो' (निर्गम २:२२). मग चाळीस वर्षं रानातले मुक्काम. वचनदत्त देश त्याने डोंगरावरून नुसता पाहिला, आणि त्याची कबर कुठे आहे हेही कोणाला माहीत नाही (अनुवाद ३४:६). ज्याला आयुष्यभर आपलं म्हणावं असं छप्पर मिळालं नाही, त्याने देवाला निवासस्थान म्हटलं आहे. त्याच स्तोत्रात तो आयुष्य उसाशासारखं सरतं असंही म्हणतो, आणि 'परमेश्वरा, परत फिर, कोठवर?' असंही विचारतो. म्हणजे हे वाक्य म्हणण्यासाठी आधी दुःख आवरावं लागतं असं कुठे नाही. तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या माणसाने ते म्हटलंय.

तुम्ही रोज म्हणत होता त्या ९१व्या स्तोत्रात नववी ओळ आहे. तिथे देवासाठी दोन शब्द शेजारी शेजारी येतात. मूळ हिब्रूतला पहिला 'मख्से', म्हणजे ऊनपाऊस आला, शत्रू आला की जिथे धावत जाऊन लपायचं ती जागा. दुसरा 'माओन', म्हणजे वस्तीची जागा. मोशेने ९०व्या स्तोत्रात वापरला तोच. मराठीत आश्रय आणि निवास. तुमची अडचण या दोन शब्दांच्या मध्ये आहे असं वाटतं. आईच्या आजारपणात तुम्ही आश्रयाला धावलात आणि आश्रय मिळाला. ती शांती खरी होती, तिच्यावर आता संशय घेऊ नका. पण बाहेर वादळ असतं तेव्हा आडोसा अंगाला जाणवतो. वादळ सरलं की तोच आडोसा जाणवेनासा होतो. तुम्ही दोन वर्षं त्या जाणिवेची वाट पाहत बसला आहात, आणि ती येत नाही म्हणून देव गेला असं धरून चालला आहात. निवास वेगळा असतो. आपल्या घरात राहणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी 'मी घरी आहे' असं भरून येत नाही. तो फक्त परत येतो. तुम्हाला आता शिकायचंय ते हे परत येणं.

त्याआधी एक जखम मोकळी करावी लागेल. तुम्ही थेट लिहिलं नाही, पण ओळींमधून दिसतं. दहाव्या ओळीत तर लिहिलंय की तुझ्या तंबूजवळ व्याधी येणार नाही. तुमच्या घरी व्याधी आली आणि आईला घेऊन गेली. मग वचन खोटं, की माझा विश्वास खोटा?

याच स्तोत्रातल्या ११व्या आणि १२व्या ओळी सैतानाने येशूला ऐकवल्या होत्या: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील (मत्तय ४:६). येशूने स्तोत्र नाकारलं नाही, पण त्याचा तसा वापर नाकारला. परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, हे 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन त्याने समोर ठेवलं. पुढे वधस्तंभावर त्याला खाली उतरवायला कोणी देवदूत आला नाही. तेव्हा स्तोत्र मोडलं का? शेवटच्या तीन ओळी पुन्हा वाचा. तिथपर्यंत माणूस बोलत असतो. १४व्या ओळीपासून देव स्वतः बोलू लागतो. आणि तो म्हणतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणार हे त्या वाक्यात धरलेलंच आहे. आईच्या उशाशी तुम्हाला जे जाणवलं ते हेच वचन होतं, आणि ते पाळलं गेलं. आई बरी का झाली नाही याचं उत्तर मात्र इथे नाही, आणि ते दुसऱ्या कोणाकडून विकतही घेऊ नका. 'तुमचा विश्वास कमी पडला' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं? येशूने तो हिशोबच मोडीत काढला (योहान ९:३).

ही जखम प्रार्थनेत कशी आणायची, त्याची वाट १३व्या स्तोत्राने घालून दिली आहे. सहाच ओळी आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो आणि देवालाच विचारला जातो. पुढच्या दोनांत मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोनांत भरवसा. एखाद्या दिवशी वीसेक मिनिटं काढा आणि कागदावर याच क्रमाने आपलं स्वतःचं स्तोत्र लिहा. तक्रारीला निम्मा वेळ द्या आणि ती देवाला उद्देशून लिहा; 'देवाने असं केलं' नको, 'तू असं केलंस' हवं. इथेच बहुतेकांची गाडी अडते. देवाविषयी इतरांजवळ कुरकुर होते, पण देवाशी बोलणं मात्र गोडगोड राहतं, आणि मग ते बोलणं पोकळ वाटू लागतं. मागणं एकच ठेवा, नेमकं. भरवशाच्या भागात खोटं लिहू नका. तिथे काही सुचलं नाही तर जागा रिकामी सोडा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटची ओळसुद्धा उजळत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. दुसरी घाई करू नका ती म्हणजे पहिल्या दोन ओळी गाळून थेट आभारावर जाण्याची. तुमची दोन वर्षांची कोरड बहुधा तिथूनच आली आहे: रडायचं होतं तेव्हा तुम्ही स्तुती म्हणत राहिलात.

आता 'राहायचं म्हणजे काय?' येशूने 'माझ्यामध्ये राहा' म्हटलं ती रात्र त्याच्या अटकेची होती. शिष्यांचा आधार काही तासांत जाणार होता. म्हणून त्याने ते हवेत सोडलं नाही. योहानाच्या १५व्या अध्यायात उलगडूनही सांगितलं: माझी वचनं तुमच्यामध्ये राहोत (ओवी ७), माझ्या आज्ञा पाळा (ओवी १०), एकमेकांवर प्रीती करा (ओवी १२). तिन्हींत भावनेची अट नाही. तिन्ही गोष्टी कोरड्या मनानेही सुरू करता येतात.

वचनापासून सुरू करू. प्रार्थनेसाठी घरात एक कोपरा ठरवा असा सल्ला नेहमी दिला जातो. चांगला आहे, पण तुमच्यासाठी नको. दोन महिन्यांत कोपरा जाईल आणि सवयही जाईल. तुम्ही वेळ आणि शब्द पक्के करा. ते कुठल्याही घरात बरोबर येतात. सकाळी दहा मिनिटं. दोन मिनिटं नुसतं बसा. मग एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. ज्या ओळीवर अडखळाल तिथे थांबा आणि तीच ओळ घेऊन शेवटची तीन मिनिटं आपल्या शब्दांत बोला. एकच स्तोत्र सलग सात दिवस. पहिला आठवडा १३वं. मग २७वं, त्यात 'माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील' ही ओळ आहे आणि ती तुम्हाला लागेल, लागू द्या. मग ८४वं, ज्यात चिमणीला वेदीपाशी घर सापडतं. मग १२१वं, त्यात 'राखणं' हे क्रियापद मूळ हिब्रूत आठ ओळींत सहा वेळा येतं, आणि शेवटी तुझं जाणंयेणं राखील असं म्हटलंय. त्यानंतर ९०वं. ९१व्याला आत्ता हात लावला नाहीत तरी चालेल. त्याच्याशी तुमची आठवण बांधलेली आहे; मन तयार झालं की तिथे परत जा.

मोठ्याने वाचायचं कारण साधं आहे: मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे जातात आणि मन मागे राहतं. मन भटकेलच. शेजारी कागद ठेवा, भाडं, डिपॉझिट, ऑफिस, जे आठवेल ते एका शब्दात लिहा आणि ओळीवर परत या. शेवटच्या तीन मिनिटांत तोच कागद देवापुढे वाचा, म्हणजे भटकंतीचीच प्रार्थना होते. मोबाइलवर स्तोत्र वाचू नका, छापील पुस्तक घ्या.

रात्री तीनच मिनिटं: दिवसातली एक गोष्ट जिच्याबद्दल आभार, एक जिच्याबद्दल क्षमा, आणि मग 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो' (स्तोत्र ३१:५). येशूने वधस्तंभावर शेवटी हेच शब्द उच्चारले (लूक २३:४६). झोपण्यापूर्वी ठरलेले शब्द म्हणण्याची ख्रिस्ती मंडळीची सवय फार जुनी आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिला तेव्हा रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेला रोज तीच तीन स्तोत्रं लावून दिली: ४थं, ९१वं आणि १३४वं. थकलेल्या माणसाला रोज नवे शब्द सुचत नाहीत, त्याच्यासाठी शब्द तयार असावे लागतात.

मोडतं कुठे, तेही सांगतो. लोक पहिल्याच दिवशी पाऊण तासाचा संकल्प करतात. चौथ्या दिवशी तो चुकतो, पाचव्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू पाहतात आणि सहाव्या दिवशी सगळंच सुटतं. चुकलेला दिवस सोडून द्या; दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाच मिनिटं. दुसरी मोडण्याची जागा म्हणजे रोज उठून 'आज काही वाटलं का?' हे तपासणं. सहा आठवडे तपासूच नका. त्यानंतर एवढंच पाहा: अचानक धसका बसतो तेव्हा तोंडातून पहिल्यांदा काय निघतं. तिथे एखाद्या स्तोत्राची ओळ येऊ लागली असेल तर वचन आत राहायला आलं आहे.

९०व्या स्तोत्रात मोशे 'मला' म्हणत नाही, 'आम्हांला' म्हणतो. एकट्याने देवात घर करण्याचा प्रयत्न बहुधा यामुळेच फसतो. तुम्ही आता परके आणि उपरे नाही, देवाच्या घरचे आहात, असं पौल इफिसकरांना लिहितो (२:१९), आणि ते एका माणसाला लिहिलेलं नाही. घर बदललं तरी शक्य असेल तोवर मंडळी बदलू नका, मग जायला यायला वेळ लागला तरी चालेल. उपासनेला दहा मिनिटं आधी जा आणि पंधरा मिनिटं उशिरा निघा, कारण ओळख त्या पंचवीस मिनिटांत होते. हाताने करायचं एखादं छोटं काम मागून घ्या, खुर्च्या लावणं, गीतांची पुस्तकं वाटणं असं काहीही. नुसतं बसून ऐकणारा माणूस वर्षानुवर्षं पाहुणाच राहतो.

आणि कोणा एकाला नेमकी गोष्ट मागा. 'काही लागलं तर सांगा' असं सगळे म्हणतात आणि वाट पाहतात. दुःखात असलेला माणूस सांगत नाही, आणि दोघांचंही राहून जातं. पाळकांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना असं सांगा: 'अमुक तारखेला आईला जाऊन दोन वर्षं झाली. आठवड्यातून एकदा फोनवर एक स्तोत्र माझ्याबरोबर वाचाल का?' एवढं नेमकं असलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. प्रभुभोजनाला, तुमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे, जात राहा, आत काही हलत नसलं तरी. भाकर हातावर ठेवताना तुम्हाला आज कसं वाटतंय हे विचारलं जात नाही. आपलं ताट जिथे धरलेलं असतं ते घर, असं मानलं तर तुमचं ताट तिथे आहे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 'देव माझा आश्रय' याचा अर्थ मारहाणीच्या घरात सोसत बसणं असा कधीच नव्हता. शौल राजाची माणसं जिवावर उठून घरावर टपली तेव्हा दावीद खिडकीतून उतरून पळाला (१ शमुवेल १९:१२), आणि देवाला आश्रय म्हणणारी कितीतरी स्तोत्रं याच दावीदाच्या नावावर आहेत. देवाने इस्राएलात शरणपुरं, म्हणजे जीव वाचवायला पळून जायच्या जागा, नेमली तीही खरीखुरी गावं होती, सहा, यार्देनेच्या दोन्ही अंगांना तीन तीन. धोका असेल तर आधी सुरक्षित जागी जा.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवाने त्याला बोध केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुम्हाला आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असं मनात येत असेल तर आजच जा, आणि त्याआधी जवळच्या माणसाला ते बोलून दाखवा. प्रार्थना चालू असताना उपचार घेणं म्हणजे एलीयापुढे ठेवलेली भाकर खाणं.

राहिली खोकी. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतल्या लोकांना बंदिवान करून बाबेलला नेलं. मागे यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत ते बंदिवान आणि सगळं परत येईल. ऐकणाऱ्याला वाटणारच, मग सामान सोडायचं कशाला? यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहून उलट कळवलं: सत्तर वर्षं लागतील, घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा (यिर्मया २९). परक्या गावात मळा लावणं हा देवावरचा विश्वास होता. तुम्ही जुन्या घराची वाट पाहत खोकी बांधून ठेवली आहेत असं वाटतं. या दोन महिन्यांत ती तिन्ही उघडू नका, फक्त एक उघडा, ज्याच्याबरोबर फोनवर स्तोत्र वाचता त्या माणसाला शेजारी बसवून. तासाभराच्या वर नको. रोज हातात येईल अशी आईची एकच वस्तू बाहेर काढा आणि वापरायला घ्या. बाकीचं पुन्हा बांधा.

योहानाच्या १४व्या अध्यायात येशू म्हणतो, माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तिथे मूळ ग्रीकमध्ये 'मोनी' हा शब्द आहे. नव्या करारात तो दोनदाच येतो, आणि दुसऱ्यांदा याच अध्यायात, २३व्या ओवीत: जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे मी आणि पिता येऊ आणि त्याच्याजवळ वस्ती करू. एक जागा तो आपल्यासाठी तयार करायला गेला आहे, आणि तीच 'मोनी' तो इथे, आपल्यापाशी करतो. तुम्ही देवात घर शोधत आहात, तोही तुमच्यात राहायला येतो आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी.

म्हणून नव्या घरात पहिल्या रात्री फार काही करू नका. सामान लावायच्या आधी, दिवा लावून, रिकाम्या खोलीत उभ्या राहून १२१वं स्तोत्र मोठ्याने वाचा. त्या आठ ओळींना दोन मिनिटंही लागत नाहीत. शक्य असेल तर मंडळीतल्या दोघातिघांना बोलवा, काही खायला करा किंवा आणा, आणि ते सगळ्यांनी मिळून वाचा. मग आईची ती वस्तू काढून जागेवर ठेवा. झोपताना ३१व्या स्तोत्राची तीच ओळ. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उठून जिथे बसायला जागा मिळेल तिथे दहा मिनिटं बसा.